सेकंडहँड, पण सेकंदाला पक्कं

लोअर परळला आमचं ऑफिस ज्या टॉवरमध्ये आहे, तिथल्या लिफ्टमध्ये रोज एक गंमत बघायला मिळते. सकाळी साडेनऊला लिफ्ट गच्च भरलेली असते आणि निम्म्या मंडळींच्या डाव्या हातात कॉफीचा कप असतो. डाव्याच हातात का? तर बाही जरा वर सरकते आणि घड्याळ दिसतं! कुणाचं ओमेगा, कुणाचं टॅग हॉयर, आमच्या बॉसचं तर थेट रोलेक्स. मी उजव्या हातात कप धरणाऱ्यांपैकी. माझ्या मनगटावर दाखवण्यासारखं काही नव्हतंच.

घड्याळांच्या दुनियेत मी शिरले ती स्वतःसाठी नाही, बाबांसाठी.

बाबा ‘बेस्ट’मध्ये होते. १९८८ साली कंडक्टर म्हणून लागले आणि शेवटची बरीच वर्षं स्टार्टर. स्टार्टर म्हणजे काय, हे ओला-उबरवर वाढलेल्यांना सांगायलाच हवं. बस चौकीत बसायचं, कुठली गाडी कधी आली, कधी सुटली याची नोंद करायची आणि ड्रायव्हर-कंडक्टर चहा पीत रेंगाळले तर त्यांना पिटाळायचं. थोडक्यात, वेळ हाच धंदा. मनगटावर एचएमटीचं ‘पायलट’ बांधून हा माणूस वर्षानुवर्षं मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवत आला. माझ्या लहानपणी सकाळी आकाशवाणीवर बातम्यांच्या आधी पीप-पीप वाजायला लागलं की घरात कुणी बोलायचं नाही. बाबा घड्याळ लावत असायचे.

मे २०२३ मध्ये ते रिटायर होणार होते. मला त्यांना घड्याळ द्यायचं होतं, आणि तेही ठरावीक एकच : फेवर ल्यूबाचं ‘सी चीफ’.

त्याला कारण आमचे अप्पा, म्हणजे माझे आजोबा. ते गिरणीत जॉबर होते आणि त्यांच्याकडे फेवर ल्यूबा होतं. त्या काळात गिरणगावात ते म्हणजे केवढी ऐट! १९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्या पावसाळ्यात अप्पांनी ते घड्याळ पायधुणीला कुणाला तरी विकलं. तेव्हा बाबा सतरा वर्षांचे होते. ते अप्पांबरोबर गेले होते. ही गोष्ट त्यांनी मला आयुष्यात एकदाच सांगितली, तीही लाइट गेलेले असताना. आणि आमचा टॉवर उभा आहे ती जमीन कधीकाळी एका गिरणीचीच होती, हे वेगळं सांगायला नको.

फोटोतला देखणा

बजेट होतं पंचवीस हजार. दिवाळीच्या बोनसमधून बाजूला ठेवलेले. एवढ्यात नव्या स्विस घड्याळाचा, त्यातून सेलवर न चालणाऱ्या, चावीच्या घड्याळाचा विचार करणंच कठीण. जुनं घ्यायचं तर मात्र हा आकडा बरा आहे, हे थोडं वाचल्यावर कळलं. मग काय, लंच ब्रेकमध्ये फोनवर फोटो बघण्याचा सपाटा लावला.

आणि एके दिवशी ‘तो’ दिसला. निळी झळझळीत डायल, नारिंगी सेकंद काटा, केस आरशासारखी चकचकीत. खाली लिहिलेलं : साठच्या दशकातलं, ओरिजिनल, सर्व्हिस केलेलं. किंमत साडेबारा हजार. निम्म्या बजेटात काम झालं म्हणून मी स्वतःवरच खूश! पैसे पाठवले, तीन दिवसांत पार्सल घरी.

रिटायरमेंटच्या दिवशी संध्याकाळी ते बाबांच्या हातावर बांधलं. त्यांनी मनगट लांब धरून पाहिलं, मग जवळ आणून पाहिलं. म्हणाले, “सुरेख आहे.” एवढंच. आमच्या घरात ‘सुरेख’ म्हणजे खूप झालं.

जुलैतली गोष्ट. आम्ही दोघं डोंबिवली स्टेशनवर फास्ट लोकलची वाट बघत होतो. मी तिकिटाच्या रांगेतून येत होते, बाबा पुढे उभे होते, माझ्याकडे पाठ करून. त्यांनी मनगटावरचं निळं घड्याळ पाहिलं. मग इकडेतिकडे बघितलं, शर्टाच्या खिशात हात घातला आणि रुमालात गुंडाळलेलं ‘पायलट’ बाहेर काढून त्यात वेळ बघितली. रुमाल परत नीट घडी करून खिशात.

मी चार पावलं मागे गेले आणि मुद्दाम चपला वाजवत आले.

दोन महिने हा माणूस माझ्यासाठी एक घड्याळ हातावर बांधत होता आणि वेळ बघायला दुसरं खिशात ठेवत होता. त्या रात्री पट्टा बदलून आणते असं सांगून मी निळं घड्याळ मागून घेतलं. मोबाइलशी लावून ठेवलं. चोवीस तासांत ते बावीस मिनिटं मागे पडलं होतं.

जिन्याखालची शाळा

गिरगावात ठाकूरद्वारच्या बाजूला एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे काचेचा एक खोका, त्यामागे एक स्टूल आणि त्यावर काका. अशी जिन्याखालची दुकानं मुंबईत पूर्वी गल्लोगल्ली होती. आता त्यांच्या जागी मोबाइलची कव्हरं लटकतात. बाबांच्या ‘पायलट’चं ऑइलिंग वर्षानुवर्षं इथेच होतं.

काकांनी निळं घड्याळ हातात घेतलं, डोळ्याला आयग्लास लावली आणि उघडायच्या आधीच हसले.

“किती दिलेस?”

मी आकडा सांगितला. हसू गेलं.

“बस,” म्हणाले आणि समोरचं दुसरं स्टूल पायानं पुढे सरकवलं.

पुढच्या तासाभरात मला जे कळलं ते कुठल्याही फोटोतून कळलं नसतं. आधी डायल. काकांनी आयग्लास माझ्या डोळ्याला लावली. तळाशी ‘स्विस मेड’ लिहिलेलं होतं, पण अक्षरं एका ओळीत नव्हती. मिनिटांच्या रेघा कुठे जाड, कुठे बारीक. सेकंद काटा त्या रेघांपर्यंत पोचतच नव्हता, म्हणजे तो दुसऱ्याच घड्याळाचा. केसच्या कडा इतक्या वेळा पॉलिश झालेल्या की साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत. मग त्यांनी पाठीमागचं झाकण उघडलं. आतल्या मशीनवर फेवर ल्यूबाचं नाव असायला हवं होतं. ते नव्हतंच.

“डायल रंगवलेली, काटे दुसऱ्याचे, मशीन तिसऱ्याचं,” काका म्हणाले. “हे घड्याळ नाही गं, आघाडी सरकार आहे.”

जगभरच्या शौकिनांमध्ये या प्रकाराला आपल्याच शहराचं नाव आहे बरं का : ‘मुंबई स्पेशल’! भेळ किंवा सँडविच नव्हे, तर जुन्या मशीनवर नव्यानं रंगवलेली, भडक डायल चढवून विकलेलं घड्याळ. काकांना मात्र डायल रंगवणाऱ्यांचा राग नव्हता. इथल्या दमट हवेत डायलला डाग पडणारच. पूर्वी नवी डायल मिळायची नाही, मग लोक जुनीच रंगवून घ्यायचे आणि घड्याळ आणखी वीस वर्षं वापरायचे. रंगवलेली डायल रंगवलेली म्हणून विकली तर त्यात गैर काही नाही. रंगवून ‘ओरिजिनल’ म्हटलं की ती फसवणूक.

त्यांच्या टेबलावर एक छोटं यंत्र होतं. घड्याळ त्याच्या चिमट्यात धरलं की यंत्र टिकटिक ऐकतं आणि स्क्रीनवर रेघ काढतं. त्या काळातली बरीच चावीची घड्याळं तासाला १८,००० ठोके देतात, म्हणजे सेकंदाला पाच. ठोके नियमित असले की रेघ सरळ जाते. बॅलन्सचं चाक किती अंशांत झुलतं तेही तिथे दिसतं. पूर्ण चावी दिल्यावर अडीचशेच्या वर असेल तर मशीन ठणठणीत, दोनशेच्या खाली गेलं तर आत काहीतरी दुखतंय. काकांनी आधी बाबांचं जुनं ‘पायलट’ कसं चालतं ते वहीत काढून दाखवलं : सरळ रेघ. मग माझं निळं घड्याळ लावलं. स्क्रीनवर कुणीतरी मोहरी उधळावी तसे ठिपके.

विकणाऱ्याला फोन केला. दोनदा वाजला, मग बंदच. साडेबारा हजार गेले. उरले साडेबारा.

“आता काय करू?” मी विचारलं.

“चालत जा,” काका म्हणाले. “घड्याळ कानाला लावून घ्यायचं असतं. शनिवारी जा. शुक्रवारी नको. त्या दिवशी तिथली पक्की दुकानं बंद आणि रस्त्यावर जुम्मा बाजार. त्या गर्दीत तुझ्यासारखीचं काम नाही.”

घड्याळांच्या गावातून

ठाकूरद्वारवरून चोर बाजार चालत अर्ध्या-पाऊण तासावर आहे. सी. पी. टँकवरून निघायचं, गोल देवळाला वळसा घालायचा, नळ बाजाराच्या गर्दीत शिरायचं आणि भाज्यांचा वास संपून गंजलेल्या लोखंडाचा वास सुरू झाला की समजायचं, मटन स्ट्रीट आला.

चालता चालता एक विचार मनात आला. स्विस घड्याळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बर्फाचे डोंगर येतात, पण या घड्याळांचं आपल्या शहराशी फार जुनं नातं आहे. फेवर ल्यूबा हे नाव १७३७ सालचं, स्वित्झर्लंडमधल्या ल लोकल गावातलं. एकोणिसाव्या शतकातच त्यांची घड्याळं मुंबईत विकली जाऊ लागली आणि पुढे शंभर वर्षं हा ब्रँड इथे घरचाच झाला. १९६२ मध्ये त्यांनी ‘बिव्हॉक’ काढलं. मनगटावर उंची आणि हवेचा दाब दाखवणारं, चावीवर चालणारं ते पहिलं घड्याळ. दुसरी ‘वेस्ट एंड वॉच कंपनी’. तिची घड्याळं खास हिंदुस्थानसाठी बनायची आणि त्यातल्या गाजलेल्या मॉडेलचं नाव काय, तर ‘सोवार’. म्हणजे आपला स्वार!

आणि वेळेच्या बाबतीत हे शहर हट्टी होतंच. १९०६ मध्ये देशभर भारतीय प्रमाणवेळ आली, पण मुंबईनं तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे असलेली स्वतःची ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत सोडली नाही. दोन घड्याळं, दोन वेळा! मला पुन्हा बाबांचा शर्टाचा खिसा आठवला.

मग एवढी सगळी जुनी घड्याळं आपल्याकडे साठली कशी? पन्नासच्या दशकाच्या अखेरीस परदेशी चलनाची टंचाई झाली, आयातीवर बंधनं आली आणि स्विस घड्याळ दुर्मीळ झालं. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीनं बंगळूरला एचएमटीची घड्याळं बनायला लागली आणि ‘जनता’, ‘पायलट’, ‘कांचन’ घराघरांत पोचली. डिसेंबर १९६९ मध्ये टोकियोत सायकोनं ‘अॅस्ट्रॉन’ हे क्वार्ट्झवर चालणारं मनगटी घड्याळ काढलं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत स्वस्त, अचूक, सेलच्या घड्याळांनी चावीवाल्यांची सुट्टी केली. आपल्याकडे १९८७ मध्ये टायटन बाजारात आलं. घराघरांतली चावीची घड्याळं कपाटात गेली, तिथून बोहारणीकडे, तिथून इथे. २०१६ मध्ये केंद्र सरकारनं एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करायचं ठरवलं, तेव्हापासून ‘पायलट’लाही शौकीन शोधत फिरतात. फेवर ल्यूबा २०११ मध्ये टायटननं विकत घेतलं. नंतर ते पुन्हा हात बदलून २०२४ मध्ये नव्या मॉडेल्ससह बाजारात आलं. पण नव्याची किंमत बघून मी विषय तिथेच सोडला.

मटन स्ट्रीटचा शनिवार

चोर बाजार मुळात ‘शोर बाजार’ होता, साहेबाच्या तोंडात त्याचा चोर झाला, असं म्हणतात. शोर आहे हे मात्र खरं. ग्रामोफोनचे भोंगे, जहाजावरचे दिवे, हिंदी सिनेमांची जुनी पोस्टर्स, हात तुटलेली सोफासेटं, आणि यांच्या मधूनच हॉर्न वाजवत जाणारी स्कूटर. फोटो काढायला सॉलिड जागा. पण फोटो काढणाऱ्याला भाव दुप्पट सांगतात, तेव्हा मोबाइल पर्समध्येच ठेवा.

तीन दुकानं फिरले. पहिल्यात निळ्या-नारिंगी डायलचे भाऊबंद ट्रे भरून बसले होते. दुसऱ्यात झाकण उघडून दाखवायला नकार दिला. मी थँक्यू म्हणून बाहेर. तिसऱ्यात पांढऱ्या दाढीचे एक चाचा होते. मी हिंदीत सुरुवात केली, तर ते म्हणाले, “मराठीत बोला की. मी रत्नागिरीकडचा.” आणि पुढचा अर्धा तास त्यांनी माझ्यापेक्षा अस्सल मराठीत मला गुंडाळायचा प्रयत्न केला.

आधी त्यांनी ओमेगा काढलं. सीमास्टर, साठच्या दशकातलं. क्रीम डायल, पातळ काटे, आणि झाकण उघडल्यावर आत तांबूस रंगाचं मशीन. ओमेगाची त्या काळची मशीन्स अशी तांबूस असतात, हे काकांनी सांगितलेलं होतं. खरं सांगते, जीव अडकला. हातावर बांधून बघितलं. लिफ्ट आठवली. कॉफीचा कप आपोआप डाव्या हातात आला!

“अठ्ठेचाळीस हजार. तुमच्यासाठी पंचेचाळीस.”

क्रेडिट कार्ड पर्समध्ये होतं. हप्ते पाडून घेता आले असते. चाचा काही बोलत नव्हते, आणि तेच जास्त धोक्याचं होतं. मी मनातल्या मनात हिशेब करायला लागले, आणि त्या हिशेबात बाबा कुठेच नव्हते. ते लक्षात आलं तेव्हा घड्याळ काढून ठेवलं.

“सी चीफ आहे?” मी विचारलं.

तीन निघाली. पहिलं काळ्या डायलचं, कालच रंगवल्यासारखं. दुसऱ्याची केस सोनेरी, पण पट्टा जिथे बसतो तिथे सोन्याचा मुलामा जाऊन पितळ दिसायला लागलेलं. तिसरं साधं स्टीलचं. रुपेरी डायल कडेनं पिवळसर झालेली, सहाच्या आकड्याजवळ दोन बारीक ठिपके, काचेवर ओरखडे. कुणाचंही लक्ष जाणार नाही असं.

आयग्लास मी काकांकडून मागून आणली होती. अक्षरं सरळ रेषेत. मिनिट काटा रेघांना नेमका टेकणारा. केसच्या कडा अजून बोटाला जाणवणाऱ्या. चाचांनी झाकण उघडलं. मशीनवर फेवर ल्यूबाचं नाव, १७ ज्वेल्स. चावी दिली तर कुठे अडकली नाही. काटे फिरवून बघितले, सैल नव्हते. मग कानाला लावलं. बाहेर स्कूटर, हातगाडी, कुणाचं तरी भांडण, आणि त्या सगळ्याच्या आत बारीक, एकसारखी टिकटिक.

“बारा हजार.”

“सात.”

“सात हजारात पट्टा पण नाही यायचा.”

“पट्ट्याशिवाय द्या.”

चाचा हसले. साडेनऊवर तोडलं. दोन दिवसांत कारागिराला दाखवते, मशीनमध्ये गडबड निघाली तर परत, असं मी चिठ्ठीवर लिहून मागितलं. त्यांनी लिहून दिलं, वर स्वतःहून एक वाक्य टाकलं : काचेचे ओरखडे आधीचे. व्यवहाराला पक्का माणूस!

काकांनी सोमवारी ते यंत्राला लावलं. रेघ सरळ होती, थोडी चढती. आतलं तेल सुकून डिंक झालं होतं आणि स्प्रिंग थकलेली. बाकी सगळं जागच्या जागी. सर्व्हिसिंग आणि नवी स्प्रिंग अठराशे, साधा चामड्याचा पट्टा साडेचारशे. काच प्लॅस्टिकची असल्यामुळे ओरखडे घासून गेले. एकूण ११,७५०. बजेटमधले ७५० उरले, त्यात काकांना पेढे.

तुम्ही निघालात तर

• बजेटचे दोन भाग करा. एक घड्याळाचा, दुसरा सर्व्हिसिंगचा. सगळे पैसे घड्याळातच घातलेत तर ते कपाटात बसेल. आणि चावीच्या घड्याळाला दर चार-पाच वर्षांनी सर्व्हिसिंग लागतंच.

• आधी कारागीर शोधा, मग घड्याळ. ज्याचं मशीन तुमच्या कारागिराला माहीत आहे, सुटे भाग मिळतात, तेच घ्या.

• सुरुवात एचएमटीपासून करायला लाजू नका. त्याच्या वरच्या पायरीवर फेवर ल्यूबा, वेस्ट एंड, रोमर, कॅमी. टिसॉ आणि ओमेगा त्याच्याही वर.

• जास्त चकचकीत दिसलं की जास्त संशय घ्या. एकसारखं म्हातारं झालेलं घड्याळ बरं : डायल, काटे आणि केस, तिघांचं वय जुळलं पाहिजे.

• झाकण उघडून दाखवत नसतील तर बाहेर पडा. उघडलंच तर डायलवरचं नाव आणि मशीनवरचं नाव जुळवून बघा.

• ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द त्या काळचा. आज पावसात, घामाच्या दिवसांत आणि बेसिनपाशी घड्याळ काढून ठेवा.

• अंधारात चमकण्यासाठी फार जुन्या काट्यांवर रेडियम लावलेलं असायचं. चमक गेली तरी रेडियम राहतं. असं घड्याळ घरी उघडू नका, काटे खरवडू नका.

• घड्याळ अचानक पुढे पळायला लागलं तर घाबरू नका. स्पीकर किंवा पर्सच्या लोहचुंबकाचा परिणाम असतो बऱ्याचदा. कारागीर मिनिटभरात तो काढून देतो.

• बिल किंवा निदान चिठ्ठी घ्याच. आणि गुंतवणूक म्हणून घेऊ नका. किंमत वाढेल या आशेवर घेतलेलं घड्याळ हातावर बांधलं जात नाही.

नोंदवही

घड्याळ दिलं तेव्हा बाबा पेपर वाचत होते. डबी उघडली. खूप वेळ काही बोलले नाहीत. मग घड्याळ उचलून कानाला लावलं.

“अप्पांचं असंच होतं,” म्हणाले. “त्याच्या काचेला इथे चर होती. मी पाडलेली.”

मी सगळं सांगून टाकलं. निळं घड्याळ, साडेबारा हजार, आघाडी सरकार, सगळं.

“मला पहिल्याच दिवशी कळलं होतं,” बाबा म्हणाले. “एवढी वर्षं गाड्या सोडल्यात मी. घड्याळ मागे पडलेलं कळणार नाही?”

“मग बोलला का नाहीत?”

“तू आणलं होतंस ना.”

एवढं बोलून ते उठले आणि आतून एक जुनी वही घेऊन आले. ‘बेस्ट’मधल्या सवयीनं पट्टीनं रकाने आखले : तारीख, वेळ, फरक. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला चावी दिली, मोबाइलशी ताडून बघितलं आणि नोंद केली. अधिक ८ सेकंद. पुढच्या दिवशी अधिक ९. मग पुन्हा ८. साठ वर्षांच्या यंत्रासाठी हे फर्स्ट क्लास आहे, असं काकांनी सांगितलं होतं, पण बाबा काकांचं ऐकून विश्वास ठेवणाऱ्यांतले नाहीत. ‘पायलट’ त्या आठवड्यातही खिशातच होतं, रुमालात.

सात दिवस सात नोंदी झाल्या. आठव्या दिवशी मी ऑफिसला निघताना सहज वही उघडून बघितली. त्या दिवसाचा रकाना रिकामा होता. बाबा दूध आणायला खाली गेले होते, सी चीफ हातावर. ‘पायलट’ टीव्हीशेजारी ठेवलेलं, खाली माझ्या नावाची चिठ्ठी : ‘चावी दिली आहे. रोज सकाळी देणे.’

त्या दिवशी लिफ्टमध्ये मी कॉफीचा कप डाव्या हातात धरला.